कोपराने पाहिलेलं पाणी

पाणी ती कधी हाताने बघायची नाही. चुलीवरचं कढत पाणी बादलीत ओतायची, त्यात गार पाणी घालायची, मग पदर खोचून बादलीत कोपर बुडवायची आणि क्षणभर गप्प राहायची. घरातल्या सगळ्यांनीही तेवढा वेळ गप्प राहावं अशी तिची अपेक्षा असे. "हात लबाड गो," ती म्हणायची. "लाकडा सारून, भांडी घासून तो मेलेला असतो. कोपराला खरा काय ते कळता."

ज्यांची बाळंतपणं खेड्यात झाली, त्यांनी अशी एखादी बाई पाहिलेलीच असेल. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी. किन्हवलीत ते काम हिचं. तिचं नाव मला ठाऊक आहे, पण त्या नावाने तिला कोणी हाक मारलेली मी ऐकली नाही. सगळं गाव काकी म्हणायचं, म्हणून मीही काकीच म्हणते.

मी तिथल्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. माझी आई आधीच गेलेली, सासूबाई आजारी, त्यामुळे माझं बाळंतपण भाड्याच्या दोन खोल्यांत झालं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी काकी न सांगताच दारात उभी राहिली. बुटकी, काळीसावळी, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं. तिने आधी माझ्या लेकीकडे पाहिलं, मग उशाशी ठेवलेल्या बालसंगोपनाच्या जाडजूड पुस्तकाकडे.

"ह्या लिवणाराला पोरा किती?" तिने विचारलं.

तिने पुस्तक उचलून फळीवर ठेवलं आणि मोरीत जाऊन बसली. दोन्ही पाय समोर सरळ पसरले, नडग्या जुळवल्या आणि माझ्या लेकीला त्यावर पालथं घातलं. लेकीने असा काही टाहो फोडला की मी खाटेवरून उठायला निघाले. काकी मान वर न करता म्हणाली, "रड बाय, रड. आता रडून घे, मंग येळ नाय मिळाचा."

हे तिचं ठेवणीतलं वाक्य. गावातल्या प्रत्येक बाळाला तिने ते ऐकवलेलं. तेल, डाळीचं पीठ, कोमट पाणी, मग नाक दोन बोटांत धरून हलकेच ओढायचं, आणि शेवटी टाळूवर चमचाभर तेल घालून ते बोटाने जिरवायचं. टाळू भरताना मात्र तिचा चेहरा बदलायचा. एरवी पोराला पिठाच्या गोळ्यासारखं उलटंपालटं करणारी ही बाई तिथे बोट असं ठेवायची, की जणू बोट ठेवायला परवानगी मागते आहे.

पहिले एक-दोन दिवस मी तिला अहोजाहो करत होते. पाचवी पुजली त्या दिवशी तीच म्हणाली, "काकी बोलतंस नि तुमी कशाला गो?" तेव्हापासून तू. तिच्याकडून मात्र मला एका वाक्यात 'बाई' आणि 'तू' दोन्ही मिळायचं. "बाई, तू गप पड." शाळेत मुख्याध्यापकांनाही मी जुमानत नसे, पण काकीने गप पड म्हटलं की मी पडत असे.

तिला एकच मुलगा. त्याच्या वेळी तिचं रक्त फार गेलं होतं. बैलगाडीतून आणि मग ट्रकमधून तिला कल्याणला नेलं, तिथे बाटलीने रक्त चढवलं. दोघंही वाचली, पण ती कित्येक आठवडे दवाखान्यात पडून राहिली आणि घरी आली तीसुद्धा उठता येत नव्हतं अशी. मुलाला नणंदेने न्हाऊ घातलं. काकी उभी राहिली तोवर पोरगं बसायला लागलं होतं.

हे तिने मला एकदा भांडी विसळल्यासारखं सहज सांगितलं. मग म्हणाली, "गावातली सगली पोरा माज्या पायांवरून गेली. माजाच नाय गेला." पुढे मूल झालं नाही. दुसऱ्यांच्या पोरांना न्हाऊ घालायचं काम तिने त्यानंतर धरलं. का धरलं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मुलगा पुढे रेल्वेत लागला, कसाऱ्याला, रुळांच्या कामावर. त्याचं लग्न मुरबाडकडच्या मुलीशी ठरलं तेव्हा बैठकीला मी होते. हुंडा नको, मानपान नको, काकी म्हणाली, आमची एकच अट हाय. मुलीकडची माणसं सावरून बसली. अट अशी, की पहिलं बाळंतपण सासरी होईल, माहेरी नाही.

पहिलं बाळंतपण माहेरचं, हे तुम्हाला-मला सांगायला नको. मुलीच्या आईचा चेहरा पडला. माझ्या मुलीचं करायला मी काय मेले का, असं ती म्हणाली नाही, पण म्हटल्यासारखंच झालं. शेवटी कुणीतरी समजूत काढली, काकीच्या हाताचं नाव तालुकाभर आहे, पोरीचं सोनंच होईल. विहिणीने मान हलवली. तो राग तिने मनात ठेवला, हे मला त्याच दिवशी दिसलं होतं.

तोवर काकीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. सुईत दोरा माझी मुलगी ओवून द्यायची. पोरांना न्हाऊ घालायला तिला डोळ्यांची गरज नव्हती, पण सुनेला दिवस गेले तशी तिने स्वतःच डोळ्याच्या ऑपरेशनचं मनावर घेतलं. नातवाचं तोंड धुक्यातून बघायचं नाही, म्हणाली.

मुलाला सुट्टी नव्हती, म्हणून तपासणीला ती एकटीच गेली. डोळ्यांच्या दवाखान्यात ऑपरेशनआधी सगळ्यांचं रक्त तपासतात, तसं तिचंही तपासलं. परत आली आणि मुलाला म्हणाली, "अजून पिकला नाय बोलले. मंग या बोलले." मोतीबिंदू पिकायचा असतो हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. मीही नाही.

त्यानंतर काकी विचित्र वागायला लागली.

आधी तिने पाटलांच्या सुनेकडे जायचं नाकारलं. हातात चमक भरते, म्हणाली. मग आमच्या शाळेच्या शिपायाच्या घरी बाळ झालं, तिथेही चमक. मग कोणी बोलवायला आलं की ती परसात जाऊन लपायला लागली. गाव काय गप्प बसतं? मुलगा रेल्वेत लागला, काकीला आता भाव चढला, असं नळावर बोललं जाऊ लागलं. काकीच्या कानावर ते जात होतं. तिने कधी उलट उत्तर दिलं नाही. एरवी हिशेब चुकता करणारी बाई.

आणि मग सातव्या महिन्यात तिने सुनेला माहेरी पाठवून दिलं. कारण काही नाही. तुजी आय वाट बघतेय, जा. ज्या एका अटीवर सगळं लग्न ठरवलं, ती अट तिने स्वतःच मोडली. सून रडत एसटीत बसली. तिला वाटलं आपलंच काही चुकलं. मुलगा दोन दिवस आईशी बोलला नाही.

मला हे सगळं कळलं ते एका माळेमुळे. एका दुपारी काकी आमच्या पायरीवर टेकली होती. पदर घसरला आणि तिच्या गळ्यात मला बारीक काड्यांची माळ दिसली. आमच्या भागातल्या लोकांना ती पाहताच ओळखू येते. काविळीची माळ. शेणवे गावाच्या पलीकडे एका पाड्यावर एकजण ती बांधायचा. डोक्यावर टोपीसारखी बसवतात, मग ती दिवसागणिक लांबत जाते, गळ्यात येते, छातीवर येते, आणि पायांतून खाली उतरली की कावीळ उतरली म्हणतात. तोवर तेल नाही, हळद नाही, मीठ नाही.

मी तिचा चेहरा उजेडाकडे वळवून डोळे बघितले. मोतीबिंदूमुळे राखाडी होते, पण पिवळे अजिबात नव्हते. "काकी, तुला कुठे कावीळ झालीय?"

"आतली हाय," ती म्हणाली. "दिसत नाय. रक्तात हाय."

मग तिने सांगितलं. त्या दवाखान्यात सिस्टर म्हणाली होती, रक्तात काविळीचा एक प्रकार निघालाय, रक्तातून रक्तात जाणारा. हिपेटायटिस सी हे नाव काकीला म्हणता येत नव्हतं, पण शेवटचा 'सी' तिने बरोबर लक्षात ठेवला होता. पुढची टेस्ट करा, मग ऑपरेशनचं बघू, असं सांगून तिला परत पाठवलं होतं. काकीने त्यातलं एकच धरलं, रक्तातून रक्तात. तिने माझ्यासमोर हाताची बोटं पसरली. चुन्याने, राखेने, लाकडांनी भेगाळलेली. "ह्यातून रगत येता कदीकदी. नि बाळाची बेंबी कच्ची असते, बाई."

गावातली निम्मी पोरं, माझी मुलगी धरून, त्या बोटांखालून गेलेली. ती रोज एकेकाचं नाव घेऊन त्याचा हिशेब मनात मांडत होती, एवढं मला कळलं. आणि हे तिने मुलालासुद्धा सांगितलं नव्हतं, कारण सुनेला कळेल, सुनेकडून विहिणीला, आणि मग मुरबाडपासून कसाऱ्यापर्यंत.

माळ पायांतून उतरली. काकीने ती नदीत सोडली आणि दुसऱ्या दिवशी शहापूरला जाऊन रक्त दिलं. पॉझिटिव. तिला वाटलं पथ्यात कुठेतरी चूक झाली. पुन्हा माळ, पुन्हा अळणी भात, आणि या वेळी रक्त द्यायला मुरबाडला, म्हणजे ओळखीचं कोणी भेटायला नको. पॉझिटिव. मग भुईआवळीचा रस, मग एका देवीला नवस, मग आणखी एक लॅब. ज्या कोपराने ती पाणी बघायची, त्याच्या आतल्या बाजूला कायम कापसाचा बोळा चिकटवलेला दिसायचा. लांब हाताचं पोलकं घालून ती तो झाकायची. आमच्याकडच्या वैशाखात लांब हाताचं पोलकं! बारीक होत गेली. गावाला वाटलं, सून माहेरी गेली म्हणून झुरतेय. बरोबरच होतं एका अर्थी.

तिच्या त्या फेऱ्यांचा मला संताप यायला लागला होता. प्रत्येक वेळी तीच टेस्ट, प्रत्येक वेळी तेच उत्तर, आणि ती पुन्हा तिथेच. वर्गात एखादं पोर तेच चुकलेलं गणित खोडून पुन्हा तसंच मांडत बसतं, तसं. एका शनिवारी मी शाळा सुटल्यावर तिला हाताला धरून तालुक्याच्या गावी एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण त्यांना घाई नव्हती. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी काकीला विचारलं, कधी रक्त चढवलं होतं का. काकीने मुलाच्या बाळंतपणाचं सांगितलं. तेव्हा चढवायच्या रक्ताची ही तपासणी होत नव्हती, त्या म्हणाल्या, बहुतेक तेव्हाच आलं असणार. मग त्यांनी विचारलं, ओळखीत कोणाच्या तोंडावर देवीचे वण आहेत का.

"मालकांच्या तोंडावर व्हते," काकी म्हणाली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"मग त्यांना लग्नानंतर देवी होत्या का?"

"नाय. ल्हानपनी येऊन गेल्या. वण ऱ्हायले."

"तुमची ही टेस्ट वण बघते, काकी. आजार बघत नाही. वण जात नाही, म्हणून शंभरदा केली तरी हेच येणार. आजार आत्ता आत आहे की नाही, ते बघायची टेस्ट वेगळी आहे. ती तुम्ही अजून केलेलीच नाही."

काकी म्हणाली, "मालकांचे वण पोराला नाय लागले. पोराचा तोंड साफ हाय." ती डॉक्टरीणबाईंशी बोलत नव्हती, स्वतःलाच सांगत होती. डॉक्टरीणबाईंनी हेही सांगितलं, की न्हाऊ घालण्याने, जवळ घेण्याने हा आजार लागत नाही. बोटाला भेग असेल तर चिकटपट्टी लावा, बस. काकीने ते ऐकलं आणि लुगड्याच्या निऱ्यांत बोटं लपवली.

ती दुसरी टेस्ट इकडे होत नव्हती. रक्त ठाण्याला द्यायचं, तिथून ते मुंबईला जाणार, आणि उत्तर यायला वेळ लागणार. खर्चही भारी होता. आता मुलाला सांगणं भाग पडलं. त्याने मान खाली घालून ऐकलं आणि एवढंच म्हणाला, "मला आदी का नाय सांगितला, आये?" ठाण्याला तोच घेऊन गेला. बायकोला मात्र सांगायचं नाही, असं आईने त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

उत्तर यायच्या आधी नातू आला.

मुरबाडला जायला काकीने मला बरोबर घेतलं. मी एकटी गेले तर तोंड उघडेल माजा, म्हणाली. दुपट्यासाठी जुनी मऊ लुगडी धुऊन, घड्या घालून तिने पिशवीत भरली होती. विहिणीच्या घरी सगळं नीटनेटकं होतं. विहिणीने बाळ आणून काकीसमोर धरलं. काकीने दोन्ही हात पदराखाली घेतले. "डोल्यांना दिसत नाय," म्हणाली, "हातातून सुटंल." विहिणीने बाळ माझ्याकडे दिलं. आईच्या मागे उभी असलेली सून काकीकडे बघत होती, आणि तिच्या बघण्यात राग नव्हता. मला ते रागापेक्षा जड गेलं.

तेवढ्यात बाळाच्या आंघोळीची वेळ झाली. विहीण म्हणाली, "आता घालता का तुमी? तुमचीच अट व्हती ना?"

"हातात चमक भरते हल्ली," काकी म्हणाली.

विहीण बाळाला घेऊन मोरीत गेली. आम्ही दोघी ओट्यावर बसून राहिलो. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला, मग बाळाचं रडणं. काकी समोरच्या आवाराकडे तोंड करून बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं तर तिचे दोन्ही पाय समोर सरळ पसरले होते, नडग्या जुळवलेल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत वर. ते तिने कधी केलं ते तिलाही कळलं नसावं. हात पदराखाली होते आणि पदर हलत होता. आतलं रडणं थांबेपर्यंत हलत होता.

मी आयुष्यात अनेक माणसं अडकलेली पाहिली. पण मोकळ्या ओट्यावर, भर उन्हात, कोणी बांधून घातलेलं नसताना एवढं अडकलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा शाळेत फोन आला. आम्ही दोघी गेलो. काकीच्या रक्तात विषाणू सापडला नव्हता.

"म्हंजे पयली टेस्ट खोटी?"

"नाही. तीही खरी. आजार आला होता आणि तुमच्या शरीराने तो घालवला. काहीजणांचा जातो तसा आपोआप."

"कदी गेला?"

"ते नाही सांगता येत. बहुतेक तेव्हाच. तुमचा मुलगा पाळण्यात असेल तेव्हा."

काकीला ते समजायला वेळ लागला. मग तिने एकदम डोळ्यांना पदर लावला. गावातली सगळी पोरं तिच्या साफ रक्ताच्या हातांखालून गेली होती. मनात मांडलेला तो सगळा हिशेब चुकीचा होता. मी म्हटलं, "रड काकी, रडून घे," आणि ती रडता रडता हसली.

इथे हे संपायला हवं होतं. पण डॉक्टरीणबाईंनी आपल्या धंद्याला धरून एक वाक्य वर घातलं, की काही महिन्यांनी एकदा परत बघू, म्हणजे शंकाच नको. मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. काकीने सगळ्यांतून तेवढंच उचललं. शंका हाय म्हणून तर बगणार ना, ती परतीच्या एसटीत म्हणाली. मी भांडले, मुलगा भांडला, डॉक्टरीणबाईंनी स्वतः समजावलं की बाळाला खुशाल घ्या, काही होणार नाही. काकी हो म्हणायची आणि घ्यायची नाही. तिच्या एका शब्दावर सगळं गाव चालायचं, पण तिच्या समजुतीपुढे कोणाचा शब्द चालत नव्हता.

सून बाळाला घेऊन किन्हवलीला आली. काकी त्याच्याशी लांबून बोलायची, लांबून गाणी म्हणायची. पोरगं रांगायला लागलं तसं तिच्याकडे यायचं. ती हळूच पाय आखडून घ्यायची. मग तिच्याच खाटेच्या दांडीला धरून ते उभं राहिलं. आपली आजी लांबूनच प्रेम करते, असंच त्याला वाटलं असणार. सून त्याला उचलून आत न्यायची. त्या घरात त्या दिवसांत तिघं मोठी माणसं होती आणि तिघंही एकमेकांना जपत एकमेकांपासून तुटत चालली होती.

वर्ष उलटून गेल्यावर दुसऱ्यांदा रक्त गेलं, दुसऱ्यांदा तेच उत्तर आलं. नाही. आता डॉक्टरीणबाईंनी मागे काही वाक्य जोडलं नाही. बहुधा शिकल्या.

त्या दिवशी मी काकीबरोबर तिच्या घरी गेले. तिने सुनेला समोर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. अट का घातली, अट का मोडली. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाली, "पोर तुजा हाय. तू सांगशील तर घेते, नायतर नाय."

सून उठली, चुलीत लाकडं सारली आणि पाण्याचं पातेलं वर ठेवलं.

काकी मोरीत बसली. पाणी मिसळलं, कोपर बुडवलं, गप्प राहिली. मग पाय पसरले. नातू आता घरभर धावणारा. त्याला पायांवर पालथं घातलं तर त्याचे पाय तिच्या घोट्यांच्याही पुढे जाऊन लोंबत होते. हा काय नवा खेळ, म्हणून तो खदखदून हसत होता आणि हाताने पाणी उडवत होता. "रड रे बाबा, रड," काकी म्हणत होती. तो काही रडेना. नाक ओढायला गेली तर त्याने तिचंच नाक धरलं. शेवटी तिने त्याला उताणा केला, डोक्यावर तेल घातलं आणि टाळूवर बोट ठेवलं. बोट तिथल्या तिथे फिरत राहिलं.

"टाळू भरली गो," ती सुनेला म्हणाली. "आपली आपनच भरली."

तरी तिने तेल जिरवलं. जिरेपर्यंत उठली नाही.

तिच्या पायांवरून गेलेलं ते शेवटचं पोर. गावाने तोवर दुसरी बाई शोधली होती, आणि बऱ्याचजणी शहापूरच्या दवाखान्यातून न्हाऊनच घरी येऊ लागल्या होत्या. काकीला कोणी बोलावलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. डोळ्याचं ऑपरेशन मात्र झालं. पुढे दुसऱ्या डोळ्याच्या वेळी, मग एकदा तापासाठी, कुठेही रक्त काढायला सुई आली की काकी आधीच हात वर करून सांगायची, "माजी पयली टेस्ट पॉझिटिव येल. घाबरू नको. तो वण हाय." समोरचा पोरगा गोंधळून माझ्याकडे किंवा तिच्या मुलाकडे बघायचा. काकी खूश व्हायची. पण घरी आल्यावर दोन दिवस तिचे हात पदराखालीच असायचे. वण जात नाही, हे तिला पटलं होतं. तो तिला दुखतो, हे मात्र ती कोणालाही सांगत नव्हती.

गेली तीही गडबड न करता. एका उन्हाळ्यात, सकाळी, चुलीपुढे बसल्या बसल्या. डॉक्टर म्हणाले हृदय.

बाईला न्यायच्या आधी बायका आंघोळ घालतात, तशा आम्ही जमलो. अंगणात आडोसा केला. काकीला मधे निजवलं होतं. पाय समोर सरळ, नडग्या जुळवलेल्या. ते बघून मला तिथे उभं राहवेना, पण मी राहिले.

सुनेने चुलीवरचं पातेलं उतरवलं, पाणी बादलीत ओतलं, गार पाणी घातलं. मग तिने पदर खोचला, बादलीत कोपर बुडवलं आणि थांबली. आम्ही सगळ्या आपोआप गप्प झालो. एक म्हातारी हळूच म्हणाली, "आता काय बगतंस गो."

सुनेने ऐकलं नाही.

"लय कढत हाय," ती म्हणाली, आणि तिने आणखी एक तांब्या गार पाणी ओतलं.